उशाची बाजू

हन्नाबाईंनी चुन्याची बादली खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि त्या रिबकाच्या उशाशी बसल्या. लाकडी क्रुसाच्या बुडाशी वाढलेलं गवत त्यांनी उपटलं, माती हातानं सारखी केली, आणि तापात लेकीचं डोकं चेपावं तशी ती माती हळूहळू चेपत राहिल्या.

ते उसं नव्हतं. तिथं रिबकाचे पाय होते. साऱ्या गावात हे फक्त मला ठाऊक होतं, आणि तेच सांगायला मी त्या शनिवारी दुपारी कबरस्थानात गेलो होतो. माझ्या खांद्यावर पहार होती.

ह्याला आता अडतीस वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. आमच्या गावात ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, कारण पहाटेची पहिली उपासना चर्चमध्ये होत नाही, कबरस्थानात होते. जो तो आपापल्या माणसाच्या कबरीजवळ उगवतीकडे तोंड करून उभा राहतो आणि सूर्य वर येईपर्यंत सगळे गातात. मी लहानपणापासून ते बघत आलो होतो आणि त्या वर्षी जायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

मी शांतवन, सुतार. मिशनच्या सुतारशाळेत शिकलो आणि गावातल्या ख्रिस्ती माणसांच्या पेट्या करायचं काम माझ्याकडे चालत आलं. पेटी म्हणजे शेवटची, मातीत जायची. आमच्याकडची पेटी सरळ असते, दोन्ही टोकांना सारखी रुंद, वरून काळं कापड, आणि झाकणाच्या एका टोकाला पांढऱ्या फितीचा क्रूस. क्रूस ज्या टोकाला, त्या टोकाला डोकं. खांदा देणारे क्रूस बघून पेटी उचलतात आणि खड्ड्यात सोडणारेही क्रूस बघूनच सोडतात. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, निजलेलं माणूस उठून बसेल, आणि प्रभू पूर्वेकडून येणार म्हणून बसल्याजागी त्याचं तोंड प्रभूकडे असेल. पाळकसाहेब म्हणायचे, शास्त्रात असं कुठं लिहिलेलं नाही, ही आपली रीत आहे. पण रीत मोडून बघा म्हणावं आमच्या गावात.

माझा स्वतःचा विश्वास म्हणाल तर तो कधी विरत गेला, ते मलाच कळलं नाही. नव्वदेक पेट्या केल्या असतील तोवर. ज्यांच्यावर खिळे ठोकले त्यातलं एकही माणूस, झालं बुवा, पोहोचलो, असं सांगायला आलं नाही. लाकूड मातीत सात-आठ वर्षं टिकतं, माणूस त्याच्या आधी जातं. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणायचं? रिबकापाशी मी हे बोलायचो. ती भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही आपली पेटी नीट करा. पुढचं बघणारा वेगळा आहे."

ती बाईंची एकुलती एक लेक. हन्नाबाई आमच्या मंडळीच्या बायबल बाई. वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना वाचून दाखवायच्या. सारं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणायचो, सासू झाल्यावरसुद्धा. संडे स्कूलमध्ये त्यांनी माझा कान किती वेळा पिळलाय त्याचा हिशेब नाही. लग्नानंतर मात्र त्यांनी एकदम 'तुम्ही' सुरू केलं. जावयाला अरेतुरे करू नये म्हणून. मला ते ऐकून घामच फुटायचा.

आणखी एक सांगायला हवं. मी रिबकाला नावानं कधी हाक मारली नाही. आमच्यात नवरे मारतच नसत. 'अगं' म्हणायचं, फार लांब असली तर 'अगं ए'. ती चिडवायची. एकदा बाजारात मी 'अगं ए' म्हणून ओरडलो तर पाच बायका वळल्या, ही सोडून. तिनं मुद्दाम पाठ केली होती. घरी येईपर्यंत हसत होती, आणि म्हणाली की मला नाव आहे, तेही शास्त्रातलं आहे, एकदा घेऊन बघा, जीभ झडत नाही.

त्या ईस्टरच्या आदल्या भादव्यात तिला ताप आला आणि अकरा दिवसांत ती गेली. मूलबाळ नव्हतं आम्हाला. शेवटच्या दिवशी दुपारी तिला जरा हुशारी वाटली. तिनं माझा हात धरला, हातावरचा सुकलेला सरस नखानं खरवडत बसली, आणि विचारलं, "तिकडं भेटाल ना?"

आता असं विचारल्यावर माणूस काय म्हणतं? हो म्हणतं. कुणीही म्हणेल. पण मी एक नंबरचा हट्टी. तिच्याशी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो, आताच कशाला बोलू, असं काहीतरी डोक्यात आलं. मी म्हणालो, "झोप जरा." ती झोपली. उठली नाही.

पेटी मीच केली. दुसरं कोण करणार? आंब्याच्या फळ्या होत्या, चांगल्या सुकलेल्या. झाकणही मीच लावलं. दर वेळी झाकण लावताना मी पायाशी उभा असतो, क्रुसाचं टोक माझ्यापासून लांब जातं, आणि डोकं उघडं असतं ते आपोआप झाकलं जातं. नव्वद वेळा हातांनी तेच केलेलं. त्या दिवशी मात्र मी तिच्या डोक्याशी उभा राहिलो. तोंड बघायचं होतं. आमची खोली अंधारी, पावसाची झड लागलेली, बाई एका कोपऱ्यात प्रार्थना म्हणत होत्या. कुणीतरी माझ्या हातात झाकण दिलं, आणि हातांनी आपलं नेहमीचं काम केलं. क्रुसाचं टोक माझ्यापासून लांब. म्हणजे पायांवर.

खांदा देताना माझ्या वाट्याला पुढचा कोपरा आला. पाय पुढे नेतात, त्यामुळे पुढची बाजू हलकी असायला हवी. ती जड लागत होती. मला वाटलं, माझ्यातच त्राण राहिलं नसेल.

तीन आठवड्यांनी शेजारच्या वस्तीवरचे यहोशवा आजोबा वारले. मी पेटी केली, सवयीप्रमाणे पायाशी उभा राहिलो, झाकण हातात घेतलं, आणि हात तिथंच थांबले. क्रूस लांब. डोकं लांब. आणि त्या दिवशी डोकं कुठं होतं? माझ्या पोटाशी होतं. तिचे केस माझ्या सदऱ्याला लागत होते. लोक म्हणाले, शांतवनला बायकोची आठवण आली. मी झाकण लावलं, खिळे ठोकले आणि घरी आलो.

त्यानंतर ते स्वप्न सुरू झालं. रात्रीचं नाही. रात्री मला झोपच येत नसे. दुपारी जेवून कारखान्यात भुशाच्या ढिगावर आडवा झालो की पडायचं. कबरस्थान असायचं, पण उन्हाचं नाही, नुसतं उजळ. दिवस उगवायच्या आधी असतं तसं. सगळे उठून बसलेले. यहोशवा आजोबा पागोटं बांधताहेत, कुणाची आई कुणाला शोधतेय, पोरं आधीच पळत सुटलीत, आणि सगळे उगवतीकडे चाललेत. कुणी घाईत नाही. आणि रिबका एकटीच उलटी बसलेली. न्हाऊन आल्यासारखे केस ओले, पाठीवर मोकळे. तिचं तोंड गावाकडे, मोकळ्या रस्त्याकडे. ती शांतपणे वाट बघतेय. तिला वाटतंय, अजून व्हायचंय. मी तिच्या मागे कुठंतरी असायचो आणि 'अगं' म्हणायचो. तेवढंच यायचं तोंडातून. बाजूच्या बाया वळून बघायच्या. ती वळायची नाही.

जाग आली की भुसा घामानं अंगाला चिकटलेला असायचा. मी स्वतःला सांगायचो, अरे गाढवा, मातीत काही नसतं, तूच तर म्हणतोस. आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सात महिने असे गेले. चर्चला जाणं मी सोडलंच होतं. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले, त्यांना मी चहा दिला आणि हवापाण्याचं बोललो.

तर त्या शनिवारी ठरवून गेलो. बाईंना सांगायचं, आणि त्या म्हणाल्या तर संध्याकाळच्या आत कबर उकरून पेटी फिरवायची. पहाटे मंडळी जमतील तेव्हा ती नीट निजलेली असेल. कायदा काय म्हणतो, पाळकसाहेब काय म्हणतात, ते नंतर बघू.

बाईंनी माझी पहार बघितली आणि विचारलं की क्रूस हलतोय का, घट्ट करायचाय का. मी म्हणालो, नाही. मग त्यांच्यासमोर मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. झाकण, हात, खांद्यावरचं वजन, यहोशवा आजोबांची पेटी. वर मान करून बघायची हिंमत झाली नाही. त्यांच्या हाताकडे बघत होतो. माती चेपणारा तो हात थांबला, आणि त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

"म्हणजे सात महिने मी तिच्या पायांवरून हात फिरवतेय," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघे धरत, बादली न घेता, कबरीला वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेल्या. तिकडे कुणी कधी गवत काढलं नव्हतं, काटेरिंगणी माजली होती. त्या काट्यांतच बसल्या, दोन्ही हात जमिनीला लावले आणि रडल्या. रिबका गेली तेव्हा बाई रडल्या नव्हत्या. गीतं म्हणत होत्या आणि बाकीच्यांना धीर देत होत्या. त्या दिवशी मात्र भर उन्हात, रस्त्यावरून जाणारे बघत असताना, त्या मोठ्यानं रडल्या, आणि मी पहार घेऊन दगडासारखा बसून राहिलो. माझ्यासारखा नालायक माणूस दुसरा नसेल असं मला वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

रडणं थांबल्यावर मी म्हणालो की मी आत्ता उकरतो, तासाभराचं काम आहे, माती अजून भुसभुशीत आहे. पेटी फिरवतो. कुणाला कळायचं नाही.

"निजलेल्याला उठवणं तुमचं काम नाही," बाई म्हणाल्या. मग नाक पुसत, पूर्वी संडे स्कूलमध्ये बघायच्या तसं माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला हो काय फरक पडतो? तुमच्या मते तर इथं कुणी नाही. उठणार कोण, आणि कुणीकडे बघणार?"

मी पहारेचं टोक मातीत खुपसत बसलो. त्या काटेरिंगणी उपटायला लागल्या, हातातून रक्त आलं तरी उपटत राहिल्या, मीही गेलो आणि उपटू लागलो. मग आम्ही दोघांनी मिळून चुना लावला, दोन्ही टोकांना सारखा. जाताना त्या एवढंच म्हणाल्या की उद्या पहाटे या, आणि पाळकांपाशी बोलू नका, मला विचार करू दे.

मी जाणार नव्हतो. पण साडेचारला चर्चची घंटा झाली आणि बघतो तर मी सदरा घालून कबरस्थानाजवळच्या ओढ्यापाशी पोहोचलेलो. लोक मेणबत्त्या घेऊन चालले होते. ताज्या चुन्याचा वास सगळीकडे, आणि अंधारात कबरी तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या. मला क्षणभर कळेना की मी जागा आहे की भुशावर पडलोय. सगळे उगवतीकडे चालले होते, कुणी घाईत नव्हतं. यहोशवा आजोबांची म्हातारी कबरीशी उभी राहून कुणाला तरी शोधत होती. मला भीती वाटली. आता रिबका पाठमोरी दिसेल असं वाटलं.

दिसल्या त्या हन्नाबाई. त्यांनी माझी बाही धरली आणि मला कबरीला वळसा घालून ओढत नेलं. क्रुसाच्या मागे, मावळतीच्या बाजूला, एक जागा मोकळी होती. तिथं हातभर खाली खडक लागतो, म्हणून खणणारे ती सोडून देत. बाईंनी मला तिथं उभं केलं. माझ्यासमोर क्रूस, क्रुसापलीकडे रिबका, आणि रिबकापलीकडे तांबडं फुटत होतं. मंडळींनी पहिलं गीत सुरू केलं होतं. बाई माझ्या कानाशी बोलत होत्या, आणि लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अरेतुरे केलं.

"ही तुझी जागा," त्या म्हणाल्या. "रात्रभर विचार केला मी. तुला रीतीप्रमाणे ठेवतील, डोकं इकडे, पाय तिकडे. तिचे पाय आणि तुझे पाय एकमेकांना लागून. ती उठून बसेल तर तिला पहिलं तुझं तोंड दिसेल. आणि तुला तिचं. तिच्या खांद्यावरून तुला प्रभू येताना दिसेल. तिला दिसणार नाही, तिची पाठ आहे. तिला वळायला कुणीतरी सांगावं लागेल, शांतवन. ते काम तुझं."

मी म्हणालो, "बाई, मला नाही येत विश्वास ठेवता."

"मी कुठं म्हणते ठेव? मी म्हणते, तिला सांगायला तुला उठावं लागेल." मग पुन्हा वाकून म्हणाल्या, "आणि 'अगं ए' म्हणू नकोस. त्या दिवशी इथं सगळ्या बाया असतील, सगळ्या वळतील. नावानं हाक मार. लेक माझी मानी आहे, नावाशिवाय वळायची नाही."

मला हसू आलं. कबरस्थानात, ईस्टरच्या उपासनेत, पाळकसाहेबांच्या समोर मी हसलो, आणि हसता हसता जे रडू आलं ते थांबेना. बाईंनी माझी बाही सोडली नाही. ऊन वर आलं, पहिलं ऊन क्रुसावर पडलं, आणि मंडळी एकमेकांना सलाम करू लागली. पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि काही विचारलं नाही. बाईंनीही पेटीबद्दल मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

बाईंना जाऊन चोवीस वर्षं झाली. त्यांची पेटी मीच केली, पायाशीच उभा राहिलो, आणि झाकण लावण्याआधी क्रूस तीनदा बघितला. आता कबरस्थानात जागेची चणचण आहे. मंडळीच्या वहीत ती खडकाची जागा माझ्या नावानं लिहून घेतलीय, पण नुसत्या लिहिण्यावर माझा भरवसा नाही. खडक आहे म्हणून उद्या कुणीतरी मला भलतीकडेच टाकायचा. म्हणून दर ईस्टरच्या आदल्या दिवशी चुना लावून झाला की मी तीच पहार घेऊन थोडा थोडा खडक फोडतो आणि वर मुरूम लोटून ठेवतो. गेल्या वर्षी साडेचार हात खोल झालं. पुरेसं आहे.

माझी पेटीही तयार आहे, कारखान्याच्या मागच्या भिंतीला. सध्या तिच्यात आंब्याची आढी घातलीय. झाकणावर क्रूस ठोकलाय, आणि पुतण्याला समोर उभं करून दोनदा दाखवलंय की उसं कुठलं. तो म्हणतो, काका, तुम्ही तर चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवता, मग ही एवढी कटकट कशाला? बरोबर आहे त्याचं. पाळकांनी आजही छातीवर हात ठेवून विचारलं की पुनरुत्थानावर विश्वास आहे का, तर मी अजून खाली बघेन. मला माहीत नाही. ते स्वप्न त्या पहाटेनंतर पुन्हा पडलं नाही, एवढंच सांगू शकतो.

पण सकाळी कारखाना उघडला, रंधा हातात घेतला की सुरुवातीला एकदा मी मोठ्यानं म्हणतो, "रिबका, मागं बघ." समोरच्या दुकानातली बाई पहिल्या पहिल्यांदा दचकायची. आता तिलाही सवय झालीय. जीभ झडत नाही.